स्टालिनग्राडचा वेढा कसा अभ्यासावा : नकाशा, तारखा आणि रसदीचा हिशेब

स्टालिनग्राड समजून घ्यायला बसलेला वाचक बहुधा शहराच्या आतून सुरुवात करतो. पडक्या इमारती, जिन्याजिन्यावरची झुंज, नेमबाज, कारखान्यांतल्या हातघाईच्या लढाया यांची वर्णने इतकी प्रभावी आहेत, की शेकडो पाने वाचूनही एक साधा प्रश्न सुटत नाही : सप्टेंबर १९४२ मध्ये शहर जवळजवळ जिंकलेली जर्मनीची सहावी सेना फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याच शहरात शरण कशी आली? माझ्या मते याचे कारण असे, की येथे एकात एक असे दोन वेढे होते. आतल्या वेढ्यात सोव्हिएत सेनापती चुइकोव्हची ६२ वी सेना व्होल्गाच्या काठावर कोंडली गेली होती आणि बाहेरच्या वेढ्यात तिला कोंडणारी सहावी सेनाच सापडली. पहिल्या वेढ्यातले सैन्य तगले, कारण त्याच्या पाठीशी नदी होती. दुसऱ्यातले तगू शकले नाही, कारण त्याच्या पाठीशी केवळ आकाश होते. हा फरक स्वतःच्या हाताने कागदावर मांडून पाहण्याची एक पद्धत पुढे दिली आहे. तिला एक मोठा कागद, दोन रंगांच्या पेन्सिली, एक वही आणि चार-पाच संध्याकाळी पुरेशा आहेत.

नकाशा स्वतः काढावा

प्रथम आजच्या नकाशाविषयी सावध राहावे. या शहराचे नाव १९२५ पर्यंत त्सारित्सिन होते, त्यानंतर स्टालिनग्राड झाले आणि १९६१ पासून व्होल्गोग्राड आहे. त्यामुळे शोध या शेवटच्या नावानेच घ्यावा लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे भूगोलही बदललेला आहे. व्होल्गा आणि डॉन यांना जोडणारा कालवा १९५२ साली खुला झाला आणि त्याच सुमारास त्सिम्ल्यान्स्कच्या धरणाचे पाणी डॉनच्या पात्रात कालाच शहरापर्यंत चढले. ज्या कालाच येथील डॉनवरच्या पुलासाठी नोव्हेंबर १९४२ मध्ये धावपळ झाली, तेथे आज नकाशावर रुंद जलाशय दिसतो. म्हणून आजच्या नकाशावरून केवळ अंतरे घ्यावीत आणि नद्या युद्धपूर्व रूपात, म्हणजे अरुंद, काढाव्यात.

कागदाच्या उजव्या बाजूला वरून खाली व्होल्गा काढावी आणि तिच्या पश्चिम काठाला चिकटून चाळीस किलोमीटरहून अधिक लांब पण जेमतेम काही किलोमीटर रुंद असे शहर दाखवावे. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना ट्रॅक्टर कारखाना, बारिकादी हा तोफांचा कारखाना, रेड ऑक्टोबर हा पोलादाचा कारखाना, मग ममायेव कुर्गान ही टेकडी, मुख्य रेल्वे स्थानक, त्सारित्सा नदीची घळ आणि शेवटी धान्याचे प्रचंड कोठार, एवढी सात ठिकाणे आधी लिहून घ्यावीत. ममायेव कुर्गानची उंची केवळ १०२ मीटर आहे. परंतु सपाट गवताळ प्रदेशात तेवढ्या उंचीवरून सगळे शहर आणि नदीवरची सगळी ये-जा दिसते. तिच्यासाठी इतके रक्त का सांडले, हे नकाशावर टेकडी आणि नदी शेजारी काढल्यावर लगेच कळते.

डावीकडे डॉन काढावी. ती वायव्येकडून येते, पूर्वेकडे मोठी कमान घेते आणि कालाचजवळ व्होल्गापासून सुमारे सत्तर-ऐंशी किलोमीटरवर येऊन पुन्हा नैऋत्येला वळते. या कमानीवर, डॉनच्या दक्षिण काठावर, सेराफिमोविच आणि क्लेत्स्काया या दोन गावांवर ठळक खूण करावी. सोव्हिएत सैन्याने येथे नदी ओलांडून काठावरचे तुकडे धरून ठेवले होते आणि जर्मनांच्या मित्रसेनांना ते परत घेता आले नव्हते. आणखी चार खुणा हव्यात : शहराच्या पश्चिमेला पितोम्निक आणि गुमराक हे दोन विमानतळ, आणि कमानीच्या बाहेर, शहरापासून दोनशे ते अडीचशे किलोमीटरवर, तात्सिन्स्काया व मोरोझोव्हस्काया हे विमानतळ. त्या शेवटच्या दोन नावांकडे पहिल्या वाचनात कोणाचेच लक्ष जात नाही. माझेही गेले नव्हते.

तारखांची वही

वहीच्या पानाचे दोन रकाने करावेत. डावीकडे शहरात घडलेले लिहावे, उजवीकडे शहराबाहेर घडलेले. सुरुवात २८ जून १९४२ पासून करावी, कारण त्या दिवशी जर्मनांची उन्हाळी मोहीम निघाली. तिचे मूळ लक्ष्य स्टालिनग्राड नव्हते. मायकोप, ग्रोझनी आणि बाकू येथील तेल होते. २३ जुलैच्या आदेशाने हिटलरने दक्षिणेकडील सैन्याला दोन दिशांना एकाच वेळी पाठवले, एक गट कॉकेशसकडे आणि दुसरा व्होल्गाकडे. ही तारीख उजव्या रकान्यात लाल रंगाने लिहावी. पाच दिवसांनी, २८ जुलैला, स्टालिनचा ‘एक पाऊलही मागे नाही’ हा क्रमांक २२७ चा आदेश निघाला.

डाव्या रकान्यात २३ ऑगस्ट येतो. त्या दिवशी जर्मन रणगाडे शहराच्या उत्तरेला व्होल्गापर्यंत पोहोचले आणि हवाई दलाने शहर पेटवले. त्या रणगाड्यांना प्रथम तोंड दिले ते विमानविरोधी तोफांनी, आणि त्यांतील कित्येक तोफांवर तरुण मुली होत्या. पुढे १२ सप्टेंबरला चुइकोव्हकडे ६२ व्या सेनेचे नेतृत्व आले, १४ सप्टेंबरच्या रात्री रोदिम्त्सेव्हची १३ वी गार्ड्स डिव्हिजन नदी ओलांडून आली, १४ ऑक्टोबरला कारखान्यांवरचा सर्वांत भीषण हल्ला झाला आणि ११ नोव्हेंबरला शहरातील शेवटचा मोठा जर्मन हल्ला.

वेळा नोंदवताना एक बारकावा पाळावा. सोव्हिएत नोंदी मॉस्कोच्या घड्याळाप्रमाणे आणि जर्मन नोंदी बर्लिनच्या घड्याळाप्रमाणे आहेत; दोन्हींत दोन तासांचा फरक पडतो. हे ठाऊक नसले, तर एकच घटना दोनदा घडल्यासारखी वाटते.

वही भरत गेली की एक गोष्ट आपोआप दिसू लागते. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये डावा रकाना गच्च भरतो आणि उजवा जवळजवळ कोरा राहतो. झुकॉव्ह आणि वासिलेव्हस्की या सोव्हिएत सेनापतींनी प्रतिहल्ल्याची जुळवाजुळव केली ती याच कोऱ्या काळात. शहराला नदीपलीकडून मिळणारी कुमक मुद्दाम मोजून मापून दिली गेली : शहर पडू नये एवढी, पण बाजूला साठत असलेल्या फौजेला धक्का लागू नये एवढीच. चुइकोव्हच्या सैनिकांच्या दृष्टीने हा निर्णय किती निर्दय होता, याची जाणीव ठेवूनच तो समजून घ्यावा.

आतला वेढा नदीकडून वाचावा

आता शहरातील लढाईकडे यावे, पण पश्चिमेकडून नव्हे, तर पूर्व काठावरून. तेथे उभे राहिल्याची कल्पना केली की समोर किलोमीटरभर पाणी, त्यापलीकडे उंच तुटलेला काठ आणि त्यावर जळणारे शहर दिसते. सोव्हिएत अवजड तोफखाना या पूर्व काठावर होता आणि तेथून पाण्यावरून मारा करत होता. पश्चिमेचा उंच काठ तोफांच्या माऱ्यापासून आडोसा देत असल्यामुळे त्याच्या पोटात खोदलेल्या विवरांत मुख्यालये आणि जखमींची ठाणी होती. रात्री बोटी माणसे आणि दारूगोळा आणत व जखमींना परत नेत.

यावरून चुइकोव्हच्या प्रसिद्ध युक्तीचा अर्थ लागतो. जर्मन हवाई दल आणि तोफखाना वरचढ असल्यामुळे त्याने आपल्या चौक्या शत्रूच्या इतक्या जवळ नेल्या, की बॉम्ब टाकणाऱ्याला स्वतःचेच सैनिक मरण्याची भीती वाटावी. छोट्या टोळ्या, हातबॉम्ब, भिंतींना पाडलेली भोके आणि गटारे यांचा वापर त्यातूनच आला. जर्मन सैन्याची ताकद मोकळ्या मैदानात वेगाने फिरण्यात होती. ती येथे एकेका खोलीत अडकून पडली.

या भागावर वाचकाने कितीही वेळ घालवावा, पण प्रत्येक प्रसंगाशी एकच प्रश्न जोडावा : त्या रात्री नदीवरून काय आले? नोव्हेंबरात व्होल्गावर बर्फाचे तुकडे वाहू लागले तेव्हा बोटी अडकल्या आणि ६२ व्या सेनेची खरी उपासमार झाली ती त्या आठवड्यांत. नदी पूर्ण गोठून तिच्यावरून वाहने जाऊ लागली ती डिसेंबरच्या मध्यास.

बगला

नकाशावर आता जर्मन बाजूची फळी काढावी. शहरासमोर सहावी सेना आणि चौथी रणगाडा सेना. त्यांच्या डाव्या हाताला डॉनच्या काठाने क्रमाने रुमानियाची तिसरी, इटलीची आठवी आणि हंगेरीची दुसरी सेना. उजव्या हाताला, शहराच्या दक्षिणेकडील गवताळ प्रदेशात, रुमानियाची चौथी सेना. मित्रसेनांसाठी वेगळी छटा वापरली की एका दृष्टिक्षेपात दिसते, की सर्वांत बलवान सैन्य सर्वांत अरुंद जागेत दाटले होते आणि शेकडो किलोमीटरची बगल अशा सैन्यांवर सोपवली होती, ज्यांच्याजवळ रणगाडे थोपवणाऱ्या पुरेशा तोफा नव्हत्या. रुमानियन सैनिकांना भित्रे ठरवणारी वाक्ये अनेक लेखनांत आढळतात. ती मला अन्यायाची वाटतात. त्यांच्या सेनापतींनी हा धोका आधीच वर कळवला होता.

१९ नोव्हेंबरला मॉस्कोच्या वेळेनुसार सकाळी साडेसातच्या सुमारास, दाट धुक्यात, उत्तरेकडच्या तोफा सुटल्या. व्हातुतिनच्या फौजा सेराफिमोविचकडून निघाल्या, रोकोसोव्हस्कीच्या त्यांच्या शेजारून, आणि दुसऱ्या दिवशी येर्योमेन्कोच्या फौजा दक्षिणेकडून. या प्रतिहल्ल्यात दहा लाखांहून अधिक सोव्हिएत सैनिक होते. दोन बाण काढावेत. ते २३ नोव्हेंबरला कालाचच्या आग्नेयेला सोव्हेत्स्की येथे मिळतात. आदल्या दिवशी एका लहानशा तुकडीने कालाचचा पूल जवळजवळ अखंड ताब्यात घेतला होता. पाच दिवसांत बाहेरचा वेढा पूर्ण झाला.

रसदीचा हिशेब

या अभ्यासाचा गाभा येथे आहे आणि म्हणून येथे वही उघडून खरोखर गणित करावे. कोंडलेल्या सैन्याला दिवसाला किती माल लागतो? सहाव्या सेनेची मागणी प्रथम ७५० टनांची होती. ती ५०० टनांवर आली, आणि तग धरण्यापुरते किमान ३०० टन मानले गेले. जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने विमानांनी पुरवठा करण्याचे आश्वासन दिले, लष्करप्रमुख झाइट्झलरने विरोध केला आणि हिटलरने २४ नोव्हेंबरला सैन्याला जागीच राहण्याचा आदेश दिला.

युंकर्स ५२ हे मालवाहू विमान साधारण दोन टन माल नेते. ५०० टनांसाठी रोज २५० खेपा उतरल्या पाहिजेत. हिवाळ्यातील दिवसाचा वापरण्याजोगा प्रकाश आठ तास धरला, तर ४८० मिनिटांत २५० विमाने, म्हणजे दोन मिनिटांच्या आत एक विमान उतरवून, रिकामे करून, जखमी भरून परत पाठवायचे. आणि हे धुके, बर्फवादळ, शत्रूची लढाऊ विमाने नाहीत असे समजून. आता त्या थंडीत तीनांपैकी एकच विमान उडण्याच्या स्थितीत असे, हे धरावे. मग ७५० विमाने हवीत. जर्मन हवाई दलाजवळ सगळ्या आघाड्या मिळून साधारण एवढीच युंकर्स ५२ होती, आणि त्यांपैकी बरीच त्याच नोव्हेंबरात भूमध्य समुद्राकडे गेली होती, कारण ८ नोव्हेंबरला दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरले होते. ही तारीख उजव्या रकान्यात लिहिलेली नसेल, तर आता लिहावी.

प्रत्यक्षात काय झाले? सुमारे सत्तर दिवसांत साधारण ८,३०० टन माल पोहोचला, म्हणजे दिवसाला १२० टनांच्या आत. ५०० टनांचा आकडा एकाही दिवशी गाठला गेला नाही. आता हा माल अडीच लाख माणसांत वाटावा : माणशी पावणेपाचशे ग्रॅमही होत नाहीत, आणि त्यात पेट्रोल, तोफगोळे, औषधे सगळे आले. पावाचे रोजचे प्रमाण आधी २०० ग्रॅम, पुढे १०० ग्रॅम आणि त्याहूनही खाली का गेले, हे सांगायला मग कोणत्याही भावपूर्ण वर्णनाची गरज राहत नाही. घोडे कापून खाल्ले गेले. पण बरेचसे घोडे चाऱ्याअभावी हिवाळ्यासाठी आधीच पश्चिमेला पाठवलेले होते, त्यामुळे खायलाही कमी आणि तोफा ओढायलाही कमी.

असे आश्वासन कोणी गंभीरपणे का घेतले, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर दमयान्स्कमध्ये आहे. १९४२ च्या आरंभी तेथे कोंडलेल्या सुमारे एक लाख जर्मन सैनिकांना विमानांनी महिनोन्‌महिने पुरवठा करून वाचवले गेले होते. तो वेढा लहान होता आणि सोव्हिएत हवाई दल तेव्हा दुबळे होते, हे दोन फरक निर्णय घेणाऱ्यांनी नजरेआड केले.

नकाशावरच्या त्या दुर्लक्षित विमानतळांकडे आता परत यावे. २४ डिसेंबरला सोव्हिएत सेनापती बदानोव्हचे रणगाडे थेट तात्सिन्स्कायाच्या धावपट्टीवर घुसले. शंभराहून अधिक विमाने कशीबशी उडून गेली, पण अनेक जमिनीवरच नष्ट झाली, आणि उरलेल्यांना अधिक दूरच्या तळांवरून उडावे लागले; अंतर वाढले की इंधन जास्त आणि माल कमी. १६ जानेवारीला पितोम्निक पडला, त्यानंतर आठवड्याभरात गुमराक. त्यापुढे माल फक्त पॅराशूटने खाली पडत होता. या पुरवठ्यात जवळजवळ ४९० विमाने गेली. विमानांनी बाहेर काढलेल्या जखमींची संख्या मात्र पंचवीस ते तीस हजारांच्या घरात आहे, हेही नोंदवावे.

सुटकेचा प्रयत्न

१२ डिसेंबरला जर्मन फील्ड मार्शल मान्श्टाइनच्या आदेशाने सेनापती होथचे रणगाडे कोतेल्निकोव्होकडून निघाले आणि १९ तारखेला मिश्कोव्हा नदीवर पोहोचले. तेथून वेढ्याचे टोक सुमारे ५० किलोमीटर. सहाव्या सेनेने कळवल्यानुसार तिच्या रणगाड्यांत जेमतेम ३० किलोमीटरचे इंधन होते. नकाशावर हे दोन आकडे शेजारी लिहावेत. सहाव्या सेनेचा सेनापती पाउलुस याने आज्ञा मोडून बाहेर पडायला हवे होते का, हा वाद आजही चालतो. त्यात उतरण्यापूर्वी ही वीस किलोमीटरची तूट समोर असावी. दरम्यान १६ डिसेंबरपासून सोव्हिएत सैन्याने डॉनवर इटालियन सेना फोडली आणि होथला मागे फिरावे लागले.

आकडे आणि आख्यायिका

कोंडलेल्यांची संख्या कोठे अडीच लाख, कोठे तीन लाखांच्या जवळ दिसते. आकडा उतरवून घेताना त्यात रुमानियन धरले आहेत का, आणि जर्मनांच्या हाताखाली काम करणारे हजारो सोव्हिएत नागरिक व युद्धकैदी धरले आहेत का, हे तपासावे. बराच फरक तेथेच मिटतो. खुद्द सोव्हिएत हेरखात्याला वेढ्यात नव्वद हजारांच्या आत सैनिक असतील असे वाटले होते, आणि म्हणून १० जानेवारीला सुरू झालेला अखेरचा हल्ला अपेक्षेपेक्षा लांबला.

सोव्हिएत हानीचे अधिकृत आकडे १७ जुलै १९४२ ते २ फेब्रुवारी १९४३ या काळासाठी असे आहेत : मृत व बेपत्ता सुमारे ४ लाख ७९ हजार, जखमी व आजारी सुमारे साडेसहा लाख. शहरातील नागरिकांची गणती यात नाही.

व्हासिली झाइत्सेव्ह हा नेमबाज खरा आणि त्याची कामगिरीही खरी. परंतु त्याच्याशी द्वंद्व खेळलेल्या जर्मन मेजरची जर्मन नोंदींत खूण सापडलेली नाही. पाव्हलोव्हचे घर खरे. ते सुमारे दोन महिने लढवले गेले. अशा प्रसंगांपुढे वहीत ‘दोन्ही बाजूंची नोंद आहे’ किंवा ‘एकाच बाजूची आहे’ एवढी खूण केली तरी वाचन स्वच्छ राहते.

निर्णायक म्हणायचे कशावरून

मार्च १९४३ मध्ये मान्श्टाइनने खारकोव्ह परत घेतले आणि जुलैमध्ये कुर्स्क येथे जर्मनांनी पुन्हा मोठा हल्ला केला. म्हणजे २ फेब्रुवारीला जर्मन सैन्य संपले नव्हते. दुसरीकडे मॉस्कोसमोरची डिसेंबर १९४१ मधील माघार हेच खरे वळण, असे मानणारेही आहेत. यासाठी एक कसोटी लावावी : या लढाईपूर्वी जर्मनी करू शकत होता आणि नंतर कधीच करू शकला नाही, असे काय? ग्रोझनी आणि बाकूचे तेल मिळवण्याची आशा येथे संपली. कॉकेशसमधील सैन्याला घाईने माघारी यावे लागले. रुमानिया, इटली आणि हंगेरी यांच्या पूर्व आघाडीवरच्या सेना त्या हिवाळ्यात मोडल्या, आणि त्यांची जागा भरायला माणसे नव्हती. या कसोटीवर मी स्टालिनग्राडला मॉस्कोच्या पुढे ठेवतो. वेढ्यातील सैन्य लढत राहिल्यामुळेच सात सोव्हिएत सेना अडकल्या आणि कॉकेशसमधले जर्मन निसटले, हा जर्मन सेनापतींचा युक्तिवाद मात्र वहीत प्रामाणिकपणे नोंदवावा, कारण तारखा त्याला बऱ्याच अंशी साथ देतात.

मराठी वाचकाने याच वहीत एक पान राखून ठेवावे. अण्णा भाऊ साठे यांनी युद्धाच्या काळातच ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. व्होल्गाकाठची ही लढाई मुंबईच्या कामगार वस्त्यांत डफाच्या तालावर पोहोचली होती. पोवाड्यातील घटना तारखांच्या दोन रकान्यांत बसवून पाहाव्यात; त्या काळी येथे काय कळत होते आणि कशाला महत्त्व दिले जात होते, हे त्यातून दिसते.

वहीचे शेवटचे पान ३१ जानेवारीचे. आदल्या दिवशी फील्ड मार्शल झालेला पाउलुस त्या सकाळी मुख्य चौकाजवळच्या युनिव्हरमाग या दुकानाच्या तळघरातून बाहेर आला. उत्तरेला ट्रॅक्टर कारखान्यात जर्मन सेनापती श्ट्रेकरची तुकडी आणखी दोन दिवस लढली. सुमारे ९१ हजार कैदी पूर्वेकडे चालू लागले. त्यांतील पाच-सहा हजार परतले, आणि शेवटचे १९५५ साली.